क्वीन्स पार्क फुटबॉल क्लब

स्कॉटलंडमधील सर्वांत जुना फुटबॉल संघ. ग्लासगो शहराच्या दक्षिण भागात ९ जुलै १८६७ रोजी त्याची स्थापना झाली. स्थापनेपासून २०१९ पर्यंत, म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ, त्याने आपल्या खेळाडूंना खेळाबद्दल वेतन न देण्याचे व्रत पाळले. स्कॉटिश लीगमध्ये असे व्रत पाळणारा तो अखेरपर्यंत एकमेव संघ होता. ‘लुडेरे काउसा लुडेंडी’ (खेळासाठी खेळ) हे त्याचे लॅटिन ब्रीदवाक्य होय.

एग्लिंटन टेरेसवरील एका घरात रात्री साडेआठ वाजता भरलेल्या सभेत संघ स्थापन झाला. त्याच्या नावाविषयी बराच वाद होऊन शेवटी एका मताच्या आधिक्याने नजीकच्या उद्यानाचे नाव स्वीकारण्यात आले. हे उद्यान स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या स्मरणार्थ ओळखले जाते. आरंभी प्रतिस्पर्धी संघच नसल्याने सभासद आपसांतच दोन तट पाडून खेळत. धूम्रपान करणारे विरुद्ध न करणारे, वजनदार विरुद्ध हलके, अशा त्या लढती असत. दुसऱ्या संघाबरोबरचा पहिला सामना १८६८ साली थिसल ह्या संघाशी झाला. त्यात प्रत्येक बाजूस वीस खेळाडू होते व तो क्वीन्स पार्कने २–० असा जिंकला. पुढे ह्या संघाच्या खेळाडूंनी गावोगावी प्रात्यक्षिक सामने करून खेळाचा प्रसार केला.

इंग्लिश फुटबॉल असोसिएशनची चषक स्पर्धा १८७१-७२ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या चषकासाठी क्वीन्स पार्कने आपल्या तुटपुंज्या निधीतून एक गिनी वर्गणी दिली. अंतराच्या अडचणीमुळे त्यांना थेट उपांत्य सामन्यात प्रवेश मिळाला. लोकवर्गणीतून प्रवासखर्च जमवून संघ लंडनला गेला व वाँडरर्स ह्या बलाढ्य संघाशी त्याने गोलशून्य बरोबरी साधली. परंतु फेरसामन्यासाठी लंडनमध्ये राहण्याइतके पैसे जवळ नसल्याने त्याला स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. पुढे वाँडरर्सनेच चषक जिंकला. हौशीपणाची किंमत ह्या संघाने अशी पहिल्याच वेळी मोजली.

त्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १८७२ रोजी, ग्लासगोच्या पार्टिक भागातील क्रिकेटच्या मैदानावर स्कॉटलंड व इंग्लंड ह्यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्कचे होते. संघाचा त्या वेळचा गडद निळा पोशाखच त्यांनी घातला होता आणि तोच पुढे स्कॉटलंडचा राष्ट्रीय रंग ठरला. सुमारे चार हजार प्रेक्षकांसमोर सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. तथापि त्याचे महत्त्व निकालात नाही. इंग्लिश खेळाडू तेव्हा चेंडू पायाशी ठेवून एकेकट्याने मुसंडी मारीत. स्कॉटिश खेळाडू तो परस्परांकडे देत पुढे सरकत. ही सांघिक पद्धती मुख्यतः क्वीन्स पार्कने घडविली व तीवरच आजचा फुटबॉल उभा आहे.

स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनच्या १८७३ मधील स्थापनेत ह्या संघाचा पुढाकार होता. स्कॉटिश चषक त्याने १८७४, १८७५ व १८७६ असा लागोपाठ तीन वेळा व १८९३ पर्यंत एकूण दहा वेळा जिंकला. अंगावरील पांढऱ्या-काळ्या आडव्या पट्ट्यांच्या पोशाखामुळे संघाला ‘कोळी’ (स्पायडर्स) हे टोपणनाव मिळाले. इंग्लिश चषकाच्या १८८४ व १८८५ मधील अंतिम सामन्यांत मात्र ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून त्याचा पराभव झाला. ह्या काळातील त्याच्या खेळाडूंत ब्रिटिश गियानातील डेमेरारा येथे जन्मलेला अँड्रू वॉटसन विशेष उल्लेखनीय आहे. जगातील पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू म्हणून तो ओळखला जातो. १८८१ मध्ये लंडन येथे त्याच्या नेतृत्वाखाली स्कॉटलंडने इंग्लंडचा ६–१ असा पराभव केला. इतके असूनही त्याचे नाव पुढे अनेक दशके विस्मृतीत गेले होते.

इंग्लंडमध्ये १८८५ साली धंदेवाईक खेळास मान्यता मिळाली व तेथील संघ स्कॉटिश खेळाडूंना पैसे देऊन नेऊ लागले. स्कॉटलंडमध्ये तशी मान्यता १८९३ मध्ये मिळाली. त्यापूर्वी गुपचूप पैसे दिले जातच. क्वीन्स पार्कचा विरोध तत्त्वाचा असला, तरी त्यास सामाजिक बाजूही होती. त्याचे सभासद बहुतांशी मध्यमवर्गीय होते. बुडालेल्या रोजाची भरपाई मागणाऱ्या कामगार खेळाडूची अडचण त्यांना नव्हती. लीग स्पर्धेमुळे वेतनी खेळ अटळ होईल व लहान संघ नष्ट होतील, अशी भीती व्यक्त करून संघाने १८९० मध्ये तीत भाग घेण्यास नकार दिला. ती भीती बऱ्याच अंशी खरी ठरली. पण बाहेर राहिल्याने चांगले सामने मिळेनासे झाले आणि १९०० मध्ये संघाने लीगमध्ये प्रवेश केला. वेतन न देण्याचा नियम मात्र कायम ठेवला.

ह्यानंतरच्या इतिहासात एक विसंगती ठळकपणे दिसते. खेळाडूंना एक पैसाही न देणारा हा संघ जगातील सर्वांत मोठ्या फुटबॉल मैदानाचा मालक होता. हँपडन पार्क ह्या नावाचे त्याचे तिसरे मैदान १९०३ मध्ये खुले झाले आणि १९५० मध्ये ब्राझीलमधील माराकाना बांधले जाईपर्यंत प्रेक्षकक्षमतेत त्याची बरोबरी झाली नाही. १९३७ मधील स्कॉटलंड-इंग्लंड सामन्यास तेथे १,४९,४१५ प्रेक्षक उपस्थित होते. राष्ट्रीय सामन्यांच्या उत्पन्नावर संघाचा बराच निर्वाह होई. त्याचे स्वतःचे सामने मात्र, विशेषतः १९५८ मध्ये वरच्या श्रेणीतून घसरण झाल्यानंतर, ह्याच विस्तीर्ण मैदानात अनेकदा काही शे प्रेक्षकांसमोर होत.

हौशी खेळाडू करारबद्ध नसल्याने तो निघून गेल्यास संघाला मोबदला मिळत नसे. रॉबर्ट स्मिथ मॅकॉल हा नामांकित आघाडीचा खेळाडू १९०१ मध्ये न्यूकॅसलला जाऊन धंदेवाईक झाला. १९०७ मध्ये त्याला पुन्हा हौशी म्हणून संघात घेण्यात आले, हा विरळा अपवाद होय. त्याचे नाव पुढे मिठाईच्या दुकानांच्या साखळीमुळेही घरोघर पोहोचले. मँचेस्टर युनायटेडचे पुढे विख्यात झालेले व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन ह्यांनी आपल्या खेळाची सुरुवात १९५७ मध्ये येथेच केली. अँड्र्यू रॉबर्टसन २०१३ मध्ये येथून डंडी युनायटेडकडे गेला व २०१९ मध्ये लिव्हरपूलकडून यूरोपीय विजेतेपद मिळविणाऱ्या संघात होता.

हँपडन पार्क स्कॉटिश असोसिएशनला ५० लाख पौंडांस विकण्याचे २०१८ मध्ये ठरले व हा व्यवहार २०२० मध्ये पूर्ण झाला. दरम्यान नोव्हेंबर २०१९ मध्ये सभासदांनी प्रचंड बहुमताने हौशी दर्जा सोडण्याचा ठराव केला. घडविलेले खेळाडू विनामोबदला गमावणे परवडत नाही, हे त्यामागील प्रमुख कारण होते. निकाल लवकरच दिसू लागले. संघाने २०२१ मध्ये चौथ्या श्रेणीचे विजेतेपद मिळविले व २०२२ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत पोहोचला. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी स्कॉटिश चषकात त्याने बलाढ्य रेंजर्स संघाला त्याच्याच आयब्रॉक्स मैदानावर १–० असे हरविले. त्या सामन्यात खेळलेला क्वीन्स पार्कचा संघ वेतनी होता.