‘संशोधनाने सिद्ध झाले आहे!’ – पण कोणावर?

परवा रात्री दवाखाना आवरण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात माझे एक जुने पेशंट पत्नीसह आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपवर काम. सेफ्टी शूज लागून पायाच्या करंगळीजवळ फोड आला होता. तीन आठवडे झाले तरी तो भरत नव्हता. बोटावर सुई टोचून साखर पाहिली तर ३८६! केस पेपरवर चार महिन्यांपूर्वीची नोंद होती : गोळ्या चालू, जेवणानंतरची साखर १६२.

‘‘गोळ्या घेताय ना?’’ मी विचारले. गृहस्थ गप्प. शेवटी वहिनीच म्हणाल्या, ‘‘दोन महिने झाले बंद केल्यात. मी म्हणत होते, डॉक्टरांना एकदा विचारा. पण ऐकतील तर ना!’’ मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला. ‘‘डॉक्टर, हे बघा. संशोधनाने सिद्ध झालंय. या पाल्याचा रस घेतला की गोळ्यांची गरजच नाही.’’

मी तो मजकूर शेवटपर्यंत वाचला. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होते. साखर उतरली होती ती उंदरांची. हे वाक्य त्यांच्या नजरेतून सुटले होते. गोळ्या मात्र त्यांनी बंद केल्या होत्या.

वाचकहो, ‘नव्या संशोधनानुसार’ या शब्दांनी सुरू होणारी बातमी आठवड्यात एखादी तरी आपल्या वाचनात येतेच. आज हृदयरोगावर, उद्या कर्करोगावर, परवा गुडघेदुखीवर. त्यातले खरे किती, आपल्या उपयोगाचे किती, हे ओळखायला डॉक्टर असण्याची गरज नाही. काही साधे प्रश्न विचारता आले की पुरे. ते प्रश्न आपल्याच भागातील उदाहरणांवरून पाहू.

पहिला प्रश्न : काचेच्या बशीत, उंदरावर की माणसावर?

या बाबतीत आधी माझीच चूक सांगतो. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आपल्या दारात आली. हिवतापाच्या जुन्या कुटुंबातले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध प्रयोगशाळेत या विषाणूची वाढ रोखते, असे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने आरोग्यसेवकांनी प्रतिबंधक म्हणून ते घ्यावे, असा सल्ला दिला. मी स्वतः ते घेतले. ज्यांना गरज नव्हती अशा दोन-चार ओळखीच्यांनाही भिडेपोटी लिहून दिले.

पुढे काय झाले? सुरुवातीचे प्रयोग ज्या पेशींवर झाले त्या माकडाच्या मूत्रपिंडातल्या होत्या. जुलै २०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात शास्त्रज्ञांनी दाखवले, की माणसाच्या फुप्फुसातल्या पेशींमध्ये हे औषध विषाणूला अडवतच नाही. विषाणू तिथे वेगळ्या वाटेने आत शिरतो. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत इस्पितळातल्या १५६१ रुग्णांना हे औषध दिले गेले, ३१५५ रुग्णांना दिले गेले नाही. अठ्ठावीस दिवसांत औषध घेतलेल्यांपैकी शंभरात २७, न घेतलेल्यांपैकी शंभरात २५ दगावले. म्हणजे फायदा शून्य.

प्रयोगशाळेतले काम फुकट असते, असे नव्हे. नव्या औषधाचा पहिला माग तिथेच लागतो. पण बशीपासून पेशंटपर्यंत पुष्कळ पायऱ्या आहेत, आणि बहुतेक औषधे मधल्याच एखाद्या पायरीवर गळतात. म्हणून बातमीत ‘उंदीर’ किंवा ‘पेशी’ हा शब्द आला, की ती माहिती म्हणून वाचावी, उपचार म्हणून नव्हे.

दुसरा प्रश्न : कशाशी तुलना केली?

‘‘मी हे घेतलं आणि मला बरं वाटलं,’’ असे आपण म्हणतो. पण न घेता बरे वाटले असते की नाही? हे कळायला तुलना लागते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच कोकणातले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले रुग्ण त्यांच्याकडे येत. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, छातीत धडधड आणि मग तोंडाला फेस. गंभीर दंशाच्या शंभरातले पंचवीस-तीस जण दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते, हे त्यांच्या लक्षात आले. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्रॅझोसिन हे रक्तदाबावरचे औषध त्यांनी वापरले. १९८६ मध्ये हे काम ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. मृत्यूचे प्रमाण शंभरात तीन-चारपर्यंत आणि पुढे त्याहूनही खाली आले.

एवढे यश मिळाल्यावर एखादा स्वस्थ बसला असता. मात्र विंचवाची प्रतिविष लस उपलब्ध झाल्यावर त्यांनी पुन्हा तुलना केली. सत्तर रुग्ण घेतले. पस्तीस जणांना नुसते प्रॅझोसिन, पस्तीस जणांना प्रॅझोसिन आणि लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात ३२. हा निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. संशोधन फक्त मोठ्या शहरातल्या मोठ्या यंत्रांवर होते, हा समज या माणसाने खोटा ठरवला. आपल्याकडेही खाणीत, वीटभट्टीवर, बांधकामाच्या जागी विंचू चावतो. चावल्यावर घाम आणि गार हातपाय दिसले तर मंत्र, पाला यांत वेळ न घालवता थेट इस्पितळ गाठावे.

तिसरा प्रश्न : फायदा नेमका किती?

चाकणपासून फार लांब नाही, शिरूर तालुक्यात वढू नावाचे गाव आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे तिथे ग्रामीण संशोधन केंद्र आहे. लहान बाळांना तीव्र जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवर भारतात तयार झालेल्या लशीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि हे केंद्र अशा तीन ठिकाणी झाली. एकूण ६७९९ बाळे. दोन वाट्यांना लशीचे थेंब, एका वाट्याला तसेच दिसणारे पण लस नसलेले थेंब. कोणाला काय मिळाले हे आईलाही ठाऊक नव्हते, डॉक्टरलाही नाही. म्हणजे आपल्या मनाचा कल निकालात शिरत नाही.

२०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब सुमारे ५६ टक्क्यांनी कमी झाले. एका आईने मला विचारले होते, ‘‘डॉक्टर, फक्त छप्पन? मग लस देऊन काय उपयोग?’’ मी म्हटले, ‘‘ताई, सलाईन लावायची वेळ येणाऱ्या दहा बाळांपैकी पाच-सहा घरीच राहिली, तर ते कमी आहे का?’’ पण दुसरी बाजूही सांगायला हवी. जुलाब इतर जंतूंमुळेही होतात. लस घेतलेल्या बाळाला जुलाब झाले तर जलसंजीवनी द्यायचीच. ही लस आता सरकारी लसीकरणात आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसाबरोबर ती चुकवू नका.

टक्केवारी वाचताना एक काळजी घ्या. ‘धोका निम्म्याने कमी’ हे वाक्य हजारात दोनशेचे शंभर झाले तरी लिहिता येते आणि हजारात दोनाचा एक झाला तरी लिहिता येते. म्हणून ‘किती जणांतले किती?’ हे नेहमी विचारावे.

चौथा प्रश्न : माझ्यासारख्या माणसावर झाले का?

याच ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुने स्टेरॉइड उपयोगी ठरले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शंभरात ४१ वरून २९ वर आले. मात्र ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना त्याचा काहीही फायदा झाला नाही. बातमीचा हा अर्धा भाग लोकांनी वाचला नाही. २०२१ च्या लाटेत पहिल्या दिवसाच्या तापातच स्टेरॉइड घेतलेले लोक मी पाहिले. त्यांची साखर भडकली. अशा रुग्णांत काळ्या बुरशीचा आजार बळावला, आणि त्यात काहींनी डोळा गमावला.

दुसरे उदाहरण अगदी घरचे आहे. माझे हे पेशंट अंगाने सडपातळ. ‘‘मी काय जाडा आहे का, मला कशी साखर?’’ हा त्यांचा पहिल्यापासूनचा वाद. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. आपली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या लहानशा बाळात स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने टिकून असते. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९ टक्के आणि याज्ञिक यांची २१ टक्के. म्हणून युरोपीय लोकांवर ठरवलेली वजनाची मर्यादा आपल्याला जशीच्या तशी लागू होत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांत सडपातळ माणसे पुष्कळ आहेत.

नाईट शिफ्टवाल्यांसाठी

हे चारही प्रश्न एका नव्या अभ्यासाला लावून पाहू. अमेरिकेत बोस्टन येथे रात्रपाळीसारखी परिस्थिती निर्माण करून एक प्रयोग झाला. तो डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी रात्रीही जेवण घेतले त्यांची रक्तातली साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. तसेच जागरण करूनही फक्त दिवसा जेवलेल्यांची लक्षणीय वाढली नाही. कारण शरीराचे घड्याळ रात्री पचनाला आणि इन्सुलिनला विश्रांती देऊ पाहते.

आता आपले प्रश्न. माणसांवर झाले? होय. तुलना होती? होय. किती जणांवर? फक्त १९. कसे लोक? तरुण आणि निरोगी, तेही दोन आठवडे. वीस वर्षे तिन्ही शिफ्ट करणाऱ्या आणि मधुमेह असलेल्या कामगारावर हा प्रयोग झालेला नाही. म्हणून याला उपचार म्हणता येणार नाही, फार तर एक चांगली दिशा म्हणता येईल. मी सांगतो ते एवढेच : रात्रपाळीला निघण्यापूर्वी पोटभर जेवा, मध्यरात्री कँटीनचे वडे आणि तीन-चार गोड चहा टाळा, सकाळी घरी येऊन हलका नाश्ता करून झोपा. मात्र इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रात्री उपाशी राहण्याचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नका. मशीनवर उभे असताना साखर उतरून चक्कर येणे किती महागात पडते, हे प्रेस शॉपवाल्यांना सांगायला नको.

आमच्या पेशंटला त्याच रात्री जखम साफ करून दिली, तपासण्या लिहिल्या, गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि दुसऱ्या दिवशी सर्जनकडे पाठवले. सर्जन म्हणाले, हाडापर्यंत गेलेले नाही, वेळेवर आलात. आणखी पंधरा दिवस पाल्याच्या रसावर काढले असते तर बोट वाचले असते की नाही, सांगता येत नाही. काल ते ड्रेसिंगला आले तेव्हा साखर २१० होती. अजून खूप उतरायची आहे, पण उतरते आहे.

जाताना त्यांनी विचारले, ‘‘म्हणजे पेपरात, मोबाईलवर येतं ते वाचूच नये का, डॉक्टर?’’ मी म्हटले, ‘‘अवश्य वाचा. कात्रण घेऊन माझ्याकडे या, आपण दोघे मिळून वाचू. पण तोपर्यंत चालू गोळी बंद करायची नाही.’’

आपल्यालाही माझे हेच सांगणे आहे. नवीन औषध सुरू करण्याआधी विचाराच, पण चालू औषध बंद करण्याआधी जास्त विचारा. डॉक्टरांना असे विचारण्यात संकोच मुळीच बाळगू नका.