नवी माशी ओळखतात कशी?

नव्या माशीची बातमी वाचली की वाटतं, ती काल-परवाच कुणाच्या जाळ्यात आली असेल. पुष्कळदा तसं नसतं. ऑस्ट्रेलियातली ‘बियॉन्से माशी’ ईशान्य क्वीन्सलँडमध्ये पकडली गेली १९८१ साली. ब्रायन लेसार्ड आणि डेव्हिड येट्स यांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं २०११ मध्ये. मधली तीस वर्षं तिला नाव नव्हतं. जुन्या संग्रहांतल्या कपाटांत अशा कितीतरी अनाम जाती पडून असतात.

दुसरा गैरसमज रंगाचा. या माशीच्या पोटावर दाट सोनेरी केस आहेत. बियॉन्से या गायिकेचं नाव तिला त्यावरूनच मिळालं आणि बातम्यांनी तेवढंच उचललं. पण निव्वळ रंगावर वर्गीकरण करणारे विसंबत नाहीत. जुन्या नमुन्यांचा रंग उडतो, केस झडतात. नर-मादीही वेगळे दिसू शकतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली डोक्यापासून सुरुवात होते. दोन डोळे कपाळावर भिडलेले असतील तर या माशीच्या कुळात सहसा तो नर, मध्ये पट्टी असेल तर मादी. त्या पट्टीची रुंदी, मिशांची पेरं, सोंडेची लांबी, पाठीवरचे केस, पंखातल्या शिरा कुठे फुटतात आणि कुठे मिळतात, हे सगळं मोजायचं, रेखाटायचं.

अनेक माश्यांमध्ये सर्वांत भरवशाची खूण असते नराच्या जननेंद्रियांत. पोटाचं टोक कापून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. मऊ भाग विरघळतो, कठीण कवच उरतं आणि त्याची वळणं स्वच्छ दिसतात. वरून हुबेहूब सारख्या दोन माश्या इथे वेगळ्या निघतात. या शास्त्रातलं मला सर्वांत देखणं वाटणारं काम हेच. आणि ही नोंद एकट्या माशीची नसते: जवळच्या प्रत्येक जातीपेक्षा ती कुठे वेगळी, हे दाखवल्याशिवाय वर्णन पुरं होत नाही.

मधमाशी आणि चतुर मात्र माश्यांच्या गटातले नव्हेत. त्यांना चार पंख. खऱ्या माशीला दोनच. मागच्या जोडीच्या जागी टोकाला गाठ असलेल्या दोन बारीक दांड्या उरतात आणि उडताना त्या तोल राखतात.

नव्या जातीसाठी ढीगभर नमुने लागतात, हेही खरं नाही. थायलंडची ‘युरिप्लॅटिया नानकनिहाली’ ब्रायन ब्राऊन यांनी २०१२ मध्ये एकाच मादीवरून नोंदवली. लांबी ०.४ मिलिमीटर! ती मुंगीच्या शरीरात वाढत असावी, हा अंदाज तिच्या आफ्रिकेतल्या नातलग जातीवरून बांधलेला आहे. प्रत्यक्ष तसं वाढताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. बातम्यांत हा अंदाज सरळ वस्तुस्थिती म्हणून छापला जातो, ते चूक आहे.

पुढच्या वेळी अशी बातमी आली, तर नाव कुणाचं दिलं ते नंतर पाहा. नमुना कधी पकडला, किती होते आणि वेगळेपण कोणत्या अवयवात सापडलं, ते आधी शोधा.