रुग्णांचें मत आणि कर्करोगाचें संशोधन

संशोधन हें शास्त्रज्ञांचें क्षेत्र; रोग्यानें औषध घ्यावें आणि निकालाची वाट पाहावी, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतींत तिला धक्का दिला तो रुग्ण स्त्रियांनीं. 1991 सालीं अमेरिकेंत त्यांच्या अनेक संस्था एकत्र आल्या. त्यांच्या आग्रहामुळें 1992 सालीं तेथील काँग्रेसनें लष्कराच्या अंदाजपत्रकांतून या रोगाच्या संशोधनासाठीं 21 कोटी डॉलर मंजूर केले. पैसा मिळवून त्या थांबल्या नाहींत. तो कोणत्या प्रश्नांवर खर्च व्हावा, हें ठरविणाऱ्या मंडळांतही त्यांनीं जागा मिळविली. तेथें त्यांचें मत शास्त्रज्ञाच्या मताबरोबरीनें मोजलें जातें.

येथें एक शंका सहज उद्भवते. जिला पेशींचें शास्त्र ठाऊक नाहीं, तिनें शास्त्रज्ञाला काय सांगावें? घोलवडसारख्या गांवाचा विचार केला असतां याचें उत्तर मिळतें. चिकूच्या वाड्यांसाठीं प्रसिद्ध असलेलें हें गांव मुंबईपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. किरणोपचारांच्या जुन्या पद्धतींत पांच आठवडे, आठवड्यांतून पांच दिवस, रुग्णालयांत जावें लागे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत उपचार घेणाऱ्या घोलवडच्या स्त्रीला इतके दिवस मुंबईंत बिऱ्हाड करणें कठीण, आणि रोज आगगाडी गांठणें त्याहून कठीण. वाडींतील रोजंदारी बुडते ती निराळीच. रोग कितपत आटोक्यांत येईल, हा डॉक्टरांचा प्रश्न. तेवढाच गुण कमी फेऱ्यांत येईल काय, हा तिचा. दोन्ही प्रश्न शास्त्रीयच होत.

ब्रिटनमध्यें सरकारी पैशानें झालेल्या एका चाचणींत हाच दुसरा प्रश्न 4,096 रुग्णांच्या साह्यानें तपासण्यांत आला. तिच्या कामांत रुग्णांच्या प्रतिनिधींचाही सहभाग होता. आरंभींच्या अवस्थेंतील रोगांत एका आठवड्यांतील पांच मात्रा तीन आठवड्यांतील पंधरा मात्रांपेक्षां कमी पडत नाहींत, असा निष्कर्ष 2020 सालीं प्रसिद्ध झाला.

परिस्थितींतून निघालेला प्रश्न किती फलदायी ठरतो, हें मुंबईंतही दिसलें आहे. टाटा स्मारक केंद्रानें 1998 सालीं 1,51,538 स्त्रियांची एक चाचणी आरंभिली. खर्चिक यंत्रावांचून, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनीं केवळ हातानें स्तनांची तपासणी केल्यास मृत्यू टळतात काय, हें तींत पाहावयाचें होतें. 2021 सालीं निकाल प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनीं घटले. त्याहून लहान वयांत मात्र तसा लाभ आढळला नाहीं.

भारतांतील 2019 च्या नियमांनुसार औषधचाचण्यांच्या नीतिसमितींत एक सामान्य नागरिक आणि एक स्त्री सभासद असावी लागते. ही तरतूद चांगली आहे. परंतु नीतिसमितीपुढें तयार आराखडा येतो. काय शोधावयाचें, हें तत्पूर्वींच ठरलेलें असतें. रुग्णांचें मत घ्यावयाचें तें त्या आधींच्या टप्प्यावर.

अर्थात् केवळ रोग भोगल्यानें कोणी प्रतिनिधि होत नाहीं. स्वतःचा अनुभव आणि इतर रुग्णांची गरज यांतील भेद ओळखावा लागतो, चाचणीचे आंकडे वाचतां यावे लागतात. अमेरिकेंतील रुग्ण-संघटनेनें त्यासाठीं 1995 पासून वर्ग चालविले आहेत. सार्वजनिक निधि वाटणाऱ्या मंडळांत अशा शिकलेल्या स्त्रियांना मताधिकारासह बसविल्यास, आयुष्याच्या वाढलेल्या वर्षांबरोबरच रुग्णालयाच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरीही संशोधनांत मोजली जाईल.