दक्षिण कोकणची मोजणी आणि लेफ्टनंट कर्नल जर्व्हिस

पेशवाईच्या अखेरीनंतर १८१९ मध्ये दक्षिण कोकण हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याचे मुख्य ठाणे आधी बाणकोटास व १८२२ पासून रत्नागिरीस आले, तेव्हा नव्या सत्तेपुढचा पहिला प्रश्न हा होता की, हाती आलेला मुलूख नेमका आहे तरी किती आणि कसा. ते शोधण्याचे काम मुंबई इंजिनिअर्स, म्हणजे कंपनीच्या मुंबई फौजेतील बांधकाम व मोजणी करणारे दल, यातील थॉमस बेस्ट जर्व्हिस या तरुण अधिकाऱ्याकडे आले. त्याचा जन्म १७९६ मध्ये सिंहलद्वीपातील जाफना येथे झाला होता. पुढे लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचलेल्या आणि लंडनच्या युद्धखात्यात जाऊन थांबलेल्या या कारकिर्दीचा सांगाडा मात्र दक्षिण कोकणात १८१९ ते १८३० या काळात घडला, असे म्हणण्यास चांगला आधार आहे.

या मुलखात मोजणी इंग्रजांनी आणली असे मानणे चूक ठरेल. शिवकालातील अण्णाजी दत्तोंच्या जमाबंदीत पाच हात पाच मुठींची काठी प्रमाण धरली होती आणि वीस काठ्या लांब व तितक्याच रुंद जमिनीस एक बिघा म्हणत. परंतु ती मोजणी शेताची व साऱ्याची होती. जर्व्हिसची मोजणी स्थलवर्णनात्मक होती, म्हणजे डोंगर, खाड्या, घाटवाटा, गावे आणि त्यांची परस्पर अंतरे कागदावर उतरवणारी, आणि तिच्या मुळाशी त्रिकोणमापनाची पद्धत होती, जीत एक पायारेषा काटेकोर मोजून पुढची अंतरे कोनांवरून गणिताने काढतात. एकीकडे सह्याद्रीचा कडा आणि दुसरीकडे दर काही कोसांवर आत शिरणारी खाडी, अशा प्रदेशात साखळी ओढत जाण्यापेक्षा डोंगरमाथ्यावरून कोन घेणेच सोयीचे. तरीही या कामाचे वेगळेपण नकाशात नसून त्याच्या जोडीला गोळा केलेल्या माहितीत आहे: लोकसंख्या, पिके, वजने-मापे, जुन्या राजवटींतील साराआकारणी, आणि सरकार व कूळ यांच्यामध्ये उभा राहून गावाचा वसूल भरणारा खोत. ही सामग्री १८४० मध्ये कोकणच्या भौगोलिक व सांख्यिकी वृत्तान्ताच्या रूपाने प्रसिद्ध झाली. ती निव्वळ ज्ञानासाठी जमवलेली नव्हती, महसुलाची गरज तिच्या पानापानात दिसते, आणि तिची अनेक अनुमाने, विशेषतः प्राचीन मापांविषयीची, आज टिकणारी नाहीत. तथापि रत्नागिरीच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला हा वृत्तान्त टाळून पुढे जाता येत नाही.

शाळांचा उल्लेख येथेच करणे योग्य. दक्षिण कोकणात प्राथमिक शाळा चालवण्यासाठी वर्गणीवर उभ्या राहिलेल्या संस्थेला १८२३ मध्ये मुंबई सरकारने वार्षिक ५०० रुपयांची मदत मंजूर केली, आणि या खटाटोपाशी जर्व्हिसचे नाव जोडलेले आहे. मराठी पाठ्यपुस्तकांच्या इतिहासात येणारा जॉर्ज जर्व्हिस, ज्याने मुंबईत गणिताची पुस्तके मराठीत आणवली, तो याचा थोरला भाऊ. दोघेही एकाच दलातले असल्याने मराठी लेखनात त्यांची गल्लत वारंवार होते.

१८३७ मध्ये सर्वेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्टची प्रकृती ढासळल्यामुळे कंपनीच्या संचालकांनी जर्व्हिसला त्याचा नियोजित वारस ठरवले. जर्व्हिसने विलायतेत हिंदुस्थानच्या मोजणीच्या सुधारणेविषयी व्याख्याने दिली, रॉयल सोसायटीच्या ३८ सदस्यांनी त्याच्या योजनांना पाठिंबा देणारे निवेदन संचालकांकडे धाडले, आणि पद सोडण्याचा विचारही न केलेला एव्हरेस्ट संतापून १८३९ मध्ये सोसायटीच्या अध्यक्षांना उद्देशून लिहिलेली जहाल पत्रेच छापून मोकळा झाला. एव्हरेस्ट १८४३ पर्यंत जागेवर राहिला. जर्व्हिसने त्याआधीच, १८४१ मध्ये, नोकरी सोडली. या प्रकरणात एव्हरेस्टची बाजू अगदीच पोकळ नव्हती, कारण दक्षिण कोकणचे त्रिकोणमापन आणि अखिल हिंदुस्थानचे महात्रिकोणमापन यांतील काटेकोरपणाची अपेक्षा एक नव्हती; वारसाने जागा रिकामी होण्याआधीच घर सजवायला घ्यावे, तसे हे झाले.

पुढची तेरा-चौदा वर्षे या मागोव्यापुरती बाजूला ठेवता येतील. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात इंग्रज फौज उतरली तेव्हा तिच्याजवळ त्या द्वीपकल्पाचे धड नकाशे नव्हते. बेल्जियममध्ये असताना जर्व्हिसच्या हाती रशियन लष्कराच्या क्रिमियाच्या नकाशाची प्रत लागली आणि ती त्याने शिळाछापावर छापून दिली. त्यानंतर १८५५ मध्ये युद्धखात्यात स्थलवर्णन व सांख्यिकी असे दुहेरी नाव धारण करणारे नवे भांडार उभे राहिले आणि जर्व्हिस त्याचा पहिला संचालक झाला. नकाशा आणि आकडेवारी एकाच छपराखाली ठेवण्याची ही जोडी त्याने तीस वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या परिसरात वापरली होती, हे नावावरूनच ध्यानात येते. १८५७ मध्ये तो वारला, भांडार ऑर्डनन्स सर्व्हेच्या हेन्री जेम्सकडे गेले, आणि १८७३ मध्ये त्यातूनच युद्धखात्याची गुप्तवार्ता शाखा निघाली. १८८० मध्ये रत्नागिरी व सावंतवाडीचे गॅझेटियर छापले गेले, तेव्हा त्याच्या तळटिपांत जर्व्हिसच्या कोकणविषयक ग्रंथाचे हवाले पुन्हा पुन्हा आले, आणि त्याच वर्षी खोतांच्या हक्कांविषयीचा कायदाही मंजूर झाला.