सुटका झाली, तरी मन आतच

बरीच वर्षे तुरुंगात काढून आलेला माणूस घरी वेगळाच वागू लागतो. बंद दारापाशी गेला की कुणी उघडण्याची वाट पाहत उभा राहतो. मागून कुणी आले की दचकतो. दिवा घालवला की त्याला झोप लागत नाही. घरच्यांना वाटते, माणूस बिघडला. खरे तर त्याचे मन अजून बराकीतच असते.

गुन्ह्याबद्दल शासन, इतरांना जरब, समाजाचे रक्षण आणि गुन्हेगाराची सुधारणा असे शिक्षेचे चार हेतू मानले जातात. यातला शेवटचा मनाशी निगडित आहे, आणि तिथेच घोडे अडते.

उठणे, जेवणे, झोपणे, सगळे तुरुंगात दुसरेच ठरवतात. तिथे टिकण्यासाठी माणूस कुणावर विश्वास न ठेवणे, भावना लपवणे आणि स्वतः निर्णय न घेणे शिकतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लेमर यांनी १९४० मध्ये तुरुंगाच्या वळणात मुरण्याच्या या प्रक्रियेचे वर्णन केले. आत उपयोगी पडणाऱ्या याच सवयी बाहेर नोकरीच्या आणि संसाराच्या आड येतात.

भारतातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, पण मनावरचा ताण तोच. नैराश्य, चिंता आणि व्यसने यांचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा तुरुंगात जास्त असते. आपल्या तुरुंगांतील अनैसर्गिक मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण आत्महत्या हेच आहे.

सुटकेचा दिवसही धोक्याचा असतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील २००७ च्या एका अभ्यासात, सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका सामान्य लोकांच्या बारापटींहून अधिक आढळला. अमली पदार्थांचा अतिरेक हे प्रमुख कारण होते. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते. मग पूर्वीचीच मात्रा जिवावर बेतते.

यावर उपाय आहेत. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू केली. तेथे कैदी शेती करतात आणि कुटुंबासह राहतात. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. जबाबदारी आणि नाती टिकली, तर बाहेरचे जग परके वाटत नाही.

घरच्यांनी काय करावे?

• भेटीचा दिवस शक्यतो चुकवू नये.

• सुटून आल्यावर प्रश्नांचा भडिमार टाळावा. बाजारहाट, पैशांचा हिशेब अशी छोटी कामे त्याच्यावर सोपवावीत.

• झोप उडणे, एकटे बसणे, मरणाची भाषा किंवा पुन्हा व्यसन दिसल्यास लगेच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास सुरू असते.

तुरुंगात गेलेली बहुतेक माणसे कधी ना कधी परत येतात. ती कोणत्या मनःस्थितीत येतात, यावर त्यांचे घर सावरते आणि शेजारही सुरक्षित राहतो.