काटा पाण्याचा, ताप तेलाचा

निपाणीहून बेळगावकडे येताना तवंदी घाट भर उन्हात चढला, तरी आजच्या कारचा तापमानाचा काटा मधून हलत नाही. त्यामुळे रोजचीच स्विफ्ट किंवा पोलो घेऊन कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला जाणाऱ्यांची समजूत पक्की होते : काटा मधे आहे तोवर इंजिन सुखरूप. चांगलं इंजिन याच समजुतीपायी हातचं जाऊ शकतं, म्हणून आधी तिच्याबद्दल.

तो काटा कूलंटचा असतो, ऑइलचा नव्हे. शिवाय बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. कूलंट साधारण ७५ अंशांवर असो वा १०५ वर, काटा मधेच. ऑइलचा लाल दिवासुद्धा तापमानाचा नाही, दाबाचा आहे; आणि तो लागतो तेव्हा दाब जवळजवळ गेलेलाच असतो.

कूलंटच्या दिमतीला थर्मोस्टॅट, रेडिएटर, पंखा असं सगळं असतं. ऑइल मात्र पिस्टनच्या पोटाला आणि क्रँकच्या बेअरिंगला भिडतं, जिथे कूलंट पोहोचतच नाही, आणि ती उष्णता घेऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये (संपमध्ये) येतं. साध्या गाडीत त्याला थंड करायला बहुधा चेंबरला लागणारा वारा, फार तर कूलंटवर चालणारा छोटा ऑइल कूलर. घाटात आपण काही मिनिटं अडीच-तीन हजार आरपीएमवर असतो. ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटं सलग पाच-सहा हजार. आरपीएम वाढले की घर्षणाची उष्णता झपाट्याने वाढते, आणि करीची फेरी अवघी २.१ किलोमीटरची, म्हणजे एक वळण संपतं न संपतं तोच पुढचं. कूलंट ९५ अंशांवर शांत असताना ऑइल १३० च्या पुढे गेलेलं असू शकतं.

त्याने बिघडतं काय? बेळगावच्या फाउंड्र्यांत इंजिनाचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात. तिथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशिनिंग करणाऱ्या माणसाला मायक्रॉनचा हिशेब नव्याने सांगावा लागत नाही. क्रँकचं जर्नल आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच. तिथे धातूला धातू लागू न देणारा ऑइलचा थर हाच खरा आधार, आणि १०० वरून १३० अंशांवर जाताना ऑइलचा घट्टपणा जवळपास निम्मा होतो.

मग घट्ट ऑइल घाला, ‘२०डब्ल्यू-५०’ टाका की झालं, असा सल्ला गॅरेजात हमखास मिळतो. त्यात अर्धं तथ्य आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. नंतरचा तापलेल्या ऑइलचा, १०० अंशांवर मोजलेला. ट्रॅकसाठी त्याहून बोलका आकडा १५० अंशांवर, जोराच्या घुसळणीत मोजतात. त्या कसोटीत ‘५डब्ल्यू-३०’ ला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद लागतात, ‘५डब्ल्यू-४०’ ला ३.५. गाडीच्या पुस्तिकेत दोन्ही चालत असतील, तर ट्रॅकसाठी चाळीसचं घेणं शहाणपणाचं. पुस्तिकेबाहेरचं फार घट्ट ऑइल मात्र घुसळताना स्वतःच जास्त तापतं आणि बारीक वाटांतून सावकाश सरकतं. दाबाचा आकडा चढलेला दिसतो, पण तो ऑइल भरपूर वाहत असल्याचा पुरावा नव्हे.

ऑइल जास्त भरलं की थंड राहतं, हेही खरं नाही. खुणेच्या वर भरलं तर क्रँक त्यात आपटून फेस करतो, आणि फेसाळ ऑइल ना नीट वंगण देतं ना उष्णता वाहून नेतं. कमी असेल तर ते लवकर तापतं, शिवाय जोराच्या वळणात एका कडेला सरकतं आणि पंप हवा ओढतो. डिपस्टिकच्या वरच्या खुणेला बरोबर टेकेल एवढंच हवं.

जितकं थंड तितकं उत्तम, हा उलटा गैरसमज. डिसेंबरच्या सकाळी कूलंटचा काटा मधे आला तरी ऑइल अजून गार, घट्ट असतं. ८० अंश ओलांडेपर्यंत इंजिनावर जोर टाकू नये. साचलेला ओलावा आणि उतरलेलं पेट्रोल उडून जायलाही ऑइल चांगलं तापावं लागतं. बाहेरून ऑइल कूलर बसवणार असाल तर थर्मोस्टॅटसकटच बसवा. नाहीतर बेळगावच्या पावसाळ्यात ऑइल कधी तापणारच नाही.

सिंथेटिक ऑइल उष्णता जास्त सोसतं, पण अमर नसतं. ढोबळ हिशेबाने दर दहा अंशांना त्याचं ऑक्सिडीकरण दुप्पट वेगाने होतं. म्हणून ट्रॅकवर तापलेलं ऑइल किलोमीटर भरायची वाट न पाहता बदलावं. रंगावरून मात्र काही ठरवू नका. आपलं काम करतानाही ऑइल काळं पडतं.

खरं तापमान कळायचं तर ओबीडी रीडर लावून पाहा. पण काही गाड्यांत तो आकडा मोजलेला नसून संगणकाने काढलेला अंदाज असतो. खात्रीसाठी ऑइल फिल्टरखाली किंवा चेंबरमध्ये सेन्सर बसवून घ्यावा. १०० ते १२० अंश निर्धास्त. १३० ला एक गिअर वर टाकून आरपीएम उतरवा, १४० दिसले तर पिटकडे वळा. तिथे पोहोचताच चावी फिरवू नका : इंजिन बंद होताच पंप थांबतो आणि गाडीला टर्बो असेल तर त्यातली उष्णता आत अडकलेल्या ऑइलचा कोळसा करते. शेवटची फेरी सावकाश मारा, मग बॉनेट उघडून दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू द्या.