पाणी मारण्याआधी प्रश्न

१४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन का पाळतात? १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या अन् स्फोटकंही. जवान पाणी मारत असतानाच प्रचंड स्फोट झाला. ६६ जवान शहीद झाले.

यातून धडा काय? आधी विचारायचं : आत काय आहे? मागं हटायचं तर वाट कुठली?

आपल्या चिखलदऱ्याच्या जंगलात उन्हाळ्यात वणवा पेटतो. तिथं प्रश्न वेगळे : वारा कुठून वाहतो? उतार कसा आहे? आग चढावर झपाट्यानं धावते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला थांबू नये. वणवा दिसला की आपण वनरक्षकाला कळवायचं. धाडस हवंच, पण माहिती आधी.